मिश्रीची डबी आणि आईचा प्रश्न

भोरहून महाडला जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकाठाने हिर्डोशीला येतो आणि पुढे वरंधा घाट उतरून कोकणात जातो. हिर्डोशी हे माझे गाव. पोटासाठी मी पुण्यात कारकुनी करतो. पण भातलावणीला, सणावाराला आणि वर्षावासात ग्रंथवाचनाला गावी जाणे चुकवत नाही. या गावातल्या पहाटेचा एक वास माझ्या लहानपणापासून ओळखीचा आहे. चूल पेटली की चहाच्या आधी तव्यावर तंबाखू पडायची. पाने काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची. तीच मिश्री. कोणी तिला मशेरी म्हणते. मग ओट्यावर बसून बोटाने दातांना घासायची, तोंडात धरायची, पंधरा-वीस मिनिटांनी चूळ भरायची. दिवसातून तीन वेळा, कोणाची पाच वेळा.

मी गेली वीस वर्षे चळवळीत आहे. दारूबंदीवर बोललो. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तेव्हा टपऱ्यांवर जाऊन तरुणांशी भांडलो. पण घरातल्या मिश्रीकडे माझे कधी लक्षच गेले नाही. कारण मिश्री म्हणजे व्यसन असे आपण मानतच नाही. ती तर दात घासायची वस्तू! या एका गैरसमजाची किंमत आपल्या आया-बहिणी किती पिढ्या मोजत आहेत, ते मला आईच्या आजारपणात कळले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गावी गेलो, तर आई भाकरी चहात बुडवून खात होती. ठेच्याशिवाय जिचा घास उतरत नाही, ती चटणीला हात लावीना. विचारले तर म्हणाली, "तोंड भाजतंय रं. हुईल बरं." बॅटरी लावून पाहिले. खालच्या ओठाच्या आत, जिथे मिश्री धरायची तिथे, रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. तिला भोरच्या सरकारी दवाखान्यात नेले, तिथून पुण्याला पाठवले. चट्ट्याचा छोटा तुकडा तपासणीला गेला. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस कसे गेले ते आमचे आम्हालाच ठाऊक.

कर्करोग नव्हता. पण डॉक्टर स्पष्ट बोलले: हा चट्टा कर्करोगाच्या वाटेवरचा आहे. तंबाखू आज सुटली तर तो मागे फिरू शकतो, नाही सुटली तर सांगता येत नाही.

आई गप्प बसून होती. एसटीत म्हणाली, "दाढ ठणकत हुती म्हणून सासूबाईनं बोटावर दिली. कळ थांबली. तवापासनं लागली ती लागलीच."

मिश्री करते काय?

आईची कहाणी घरोघरची आहे. बहुतेक बायका दाढदुखीवर किंवा हिरड्यांतून रक्त येते म्हणून मिश्री सुरू करतात. तंबाखूतल्या निकोटीनने कळ जरा बधिर होते, पण दाढेतली कीड आत पोखरतच राहते. दुखणे जात नाही, फक्त दिसेनासे होते. रोज तिथेच घासल्याने हिरड्या खाली सरकतात, मुळे उघडी पडतात, थंड पाणी झोंबते आणि चांगले दात हलू लागतात. जी वस्तू दात राखण्यासाठी घेतली, तीच दात घालवते.

दुसरे कारण पोटाचे. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करायचे आणि दुपारपर्यंत भाकरीचा पत्ता नाही, तेव्हा मिश्री लावली की भूक मरते. गरिबीने शिकवलेली ही युक्ती आहे. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी, तिची भूकही मिश्री मारते. तिसरे कारण, "मिश्री लावल्याबिगर परसाकडला होत नाय." ती सवय मिश्रीनेच लावलेली असते. सकाळी तांब्याभर कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी ठेवली, तर थोड्या दिवसांत पोट आपोआप ताळ्यावर येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूर न काढता वापरायच्या तंबाखूला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. तिने तोंडाचा कर्करोग होतो, हे आता वादाचे राहिलेले नाही. मिश्री ही अशीच तंबाखू. भाजल्याने तिचे विष जळते, असे बायका समजतात. ते खरे नाही. उलट भाजताना आणखी काही घातक द्रव्ये तयार होतात.

सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण कायदा कारखान्यापर्यंत पोचतो, आपल्या चुलीवरच्या तव्यापर्यंत नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात दर शंभर प्रौढांमागे सुमारे २४ जण तंबाखू खाणारे, चोळणारे किंवा दातांना लावणारे निघाले. तव्यावरची बंदी आपली आपणच घालायची आहे.

आईने विचारलेला प्रश्न

मी कारकून माणूस, आकड्यांवर विश्वास ठेवणारा. आईसाठी माहिती जमवताना मुंबईतल्या एका अभ्यासाची माहिती हाती आली. तिथे घरोघर जाऊन १२१७ गरोदर बायकांची नोंद केली होती. तंबाखू वापरणाऱ्या बायकांत बहुतेक जणी मिश्रीवाल्या होत्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली आणि दिवस भरण्याआधीच बाळंतपण होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. २००६ मध्ये त्याच अभ्यासाचा पुढचा भाग आला. तंबाखू वापरणाऱ्या बायकांत मूल मेलेले जन्मण्याचा धोका अडीच पटीहून जास्त होता.

हे मी वहिनीला वाचून दाखवत होतो, कारण तिची सून पोटुशी होती आणि मिश्री तिलाही लागली होती. आई पलीकडे तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "म्हंजी तुझ्या पाठीवरचा गेला, तो माझ्यापायी गेला का रं?"

माझ्या पाठचा भाऊ मेलेला जन्मला होता. घरात त्याचे नाव कधी निघत नसे, कारण त्याला नाव ठेवायची वेळच आली नाही.

मी खरे तेच सांगितले. एका बाळाबद्दल असे कोणीच सांगू शकत नाही. अशक्तपणा असतो, ताप असतो, वेळेवर दवाखाना मिळत नाही. हजार बायकांचा हिशेब कळतो, एकीचा कळत नाही. आणि दोष लावायचाच असेल तर तो तुझा नाही, आई. तुला कोणी सांगितलेच नव्हते. दाढ दुखली तेव्हा दवाखाना जवळ नव्हता आणि जवळची माणसे त्यांना माहीत होते तेवढेच देत होती. आज आम्हाला माहीत आहे. आता आम्ही गप्प बसलो, तर मात्र दोष आमचा.

आई काही बोलली नाही. उठली, कोनाड्यातली डबी घेतली आणि चुलीत रिकामी केली. सुनेने तिच्याकडे पाहिले आणि आपलीही डबी आणून दिली.

सुटते कशी?

डबी चुलीत टाकली म्हणजे काम संपले, असे नाही. पहिले चार-पाच दिवस आईचे डोके दुखले, चिडचिड झाली, झोप उडाली. त्यानंतर ओढ हळूहळू कमी झाली; महिन्याभरात पहाटेची आठवणही पुसट झाली. आम्ही केले ते साधेच. मिश्रीची तलफ पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ बडीशेप, लवंग, आवळ्याची फोड तोंडात ठेवायची, पाणी प्यायचे, कामाला हात लावायचा. सुपारी मात्र नाही. सुपारीनेही कर्करोग होतो. मुख्य म्हणजे घरात दोघीतिघींनी एकदम सोडली, त्यामुळे दुसरीची डबी डोळ्यांसमोर येत नव्हती. ज्यांना एकट्याने जमत नाही, त्यांच्यासाठी सरकारचा १८०० ११ २३५६ हा मोफत फोन नंबर आहे. तिथे तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पाहिले, तेव्हा चट्टा पुसट झाला होता. तपासणीला मात्र अजून जावे लागते.

मिश्रीऐवजी काय?

मिश्री काढून घेतली, तर दातांसाठी हातात काहीतरी द्यायला हवे. विटेची पूड, राखुंडी, कोळसा, खरबरीत मीठ यांनी दात घासून निघतात आणि वरचा कठीण थर झिजतो. तो पुन्हा येत नाही. मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली साधी, स्वस्त पेस्ट पुरते. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन्ही वेळा दोन-दोन मिनिटे. रात्रीचे घासणे जास्त महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांत अडकलेल्या अन्नावर जंतू रात्रभर काम करतात. ब्रशचे केस वाकले की, साधारण तीन महिन्यांनी, तो बदलावा. एकाचा ब्रश दुसऱ्याने वापरू नये. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.

भगवान बुद्धांनी दातांची निगा हा विषय क्षुल्लक मानला नव्हता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात त्यांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरायची परवानगी दिली आणि ते न वापरण्याचे तोटे सांगितले: तोंडाला घाण येते, चव कळत नाही, अन्न गोड लागत नाही. काडी किती लांब असावी हेही ठरवून दिले. आठ बोटांहून लांब नको. आणि एका भिक्खूच्या घशात आखूड काडी अडकली, तेव्हा चार बोटांहून आखूडही नको. आजही कोणी कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरत असेल, तर टोक चावून मऊ करावे आणि हिरडी न ओरबाडता घासावे. पेस्टमधले फ्लोराइड मात्र काडीत नसते.

साखर किती खाल्ली, यापेक्षा किती वेळा खाल्ली हे दात पाहतात. दिवसभर चहा-बिस्कीट आणि मुलांच्या हातात सारखी गोळी असेल, तर कीड लागायला वेळ लागत नाही. गोड खायचे तर जेवणाबरोबर खावे. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. दुधाचे दात पडणारच, म्हणून दुर्लक्ष करू नये. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे येणारी दाढ दुधाची नसते. ती गेली की कायमची गेली.

दातांचे दुखणे तोंडातच राहत नाही. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर सुजतात आणि हिरड्या सडत राहिल्या तर साखर आटोक्यात येत नाही. बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले, हे आपण वाचले आहे. आज तो रोग आपल्या वस्त्यांत घरोघर शिरला आहे. घासताना रक्त येत असेल, तर घासणे सोडू नका, दवाखान्यात दाखवा. गरोदर बाईच्या हिरड्या त्या दिवसांत अधिक सुजतात; तिनेही दात दाखवून घ्यावेत. खर्चाची भीती वाटत असेल, तर दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात खासगीपेक्षा कमी पैशांत काम होते. कर्करोगाच्या उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जपून ठेवा.

हिर्डोशीवरून जाणाऱ्या याच रस्त्याच्या टोकाला महाड आहे. तिथे डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना सांगितले, जुनी हीनपणाची खूण दाखवणारी राहणी टाका, स्वच्छ राहा. त्यांनी लुगडे नेसण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत बदलून दाखवली. मिश्रीची डबी मात्र कमरेला तशीच राहिली. ज्यांना ते जमले, त्यांच्या लेकी-सुनांना हेही जमेल.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, आश्विन पौर्णिमेला संपतो. तीन महिने. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या सात जणींनी एकमेकींच्या साक्षीने डब्या टाकल्या. दोघी पुन्हा लावू लागल्या, पाच जणी टिकल्या. यंदा त्या दोघी पुन्हा प्रयत्न करणार आहेत.

तोपर्यंत एक काम आजच करा. रात्री जेवणे झाली की बॅटरी घ्या आणि आईचे, सासूचे, बायकोचे, स्वतःचेही तोंड उजेडात पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गळ्याला गाठ, पूर्वीपेक्षा कमी उघडणारे तोंड, यांपैकी काहीही दिसले तर उद्याची मजुरी बुडाली तरी चालेल, दवाखाना गाठा. माझ्या आईचा चट्टा मी योगायोगाने पाहिला. तुम्ही योगायोगाची वाट पाहू नका.