दोन बत्त्या अजून खाली आहेत

खाणीत 34 वर्षं काढल्यावर दोन सवयी जन्माच्या लागतात. कुठल्याही छताखाली गेलं की आधी वर बघायचं, आणि चार माणसं बरोबर असली की परतताना मनातल्या मनात डोकी मोजायची. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत मायनिंग सरदार होतो, पुढे ओव्हरमन झालो. निवृत्त झालो तरी लग्नाच्या पंगतीतसुद्धा माझी मोजणी चालूच असते.

मागच्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलीकडे फ्रान्सला गेलो होतो, लील शहरात. तिने विचारलं, "बाबा, काय बघायचंय? पॅरिसला जाऊ या का?" मी म्हटलं, "इथं कोळशाचा पट्टा आहे म्हणतात, तो दाखव." ती म्हणाली, खाणी तर 1990 मध्येच बंद झाल्या. मी म्हटलं, खाण बंद झाली तरी तिच्या खुणा जात नाहीत.

तशा त्या दिसल्याच. लाँस गावाजवळ काळ्या मातीचे दोन अवाढव्य सुळके सपाट मुलखात उभे आहेत. खाणीतून निघालेल्या दगडमातीचे हे ढिगारे आता युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. मला मात्र त्या दिवशी सगळ्यांत जास्त धरून ठेवलं ते एका लहान स्मारकाने. लाबासे गावाला लागून झिव्हाँशी नावाचं खेडं आहे. त्या खेड्यात, शेतांच्या सोबतीला, पहिल्या महायुद्धात जमिनीखाली लढलेल्या बोगदेवाल्यांच्या आठवणीचा दगड उभा आहे. त्यांतले कितीतरी जण मूळचे कोळसा खाणीतले कामगार होते.

सैनिकांची स्मारकं आपण खूप पाहतो. खाणकामगारांचं युद्धस्मारक मी पहिल्यांदाच पाहत होतो. युद्धात खाणकामगाराचं काय काम, हे समजायला आपल्याकडचाच एक शब्द पुरेसा आहे: सुरुंग. विहीर खोदताना आपण सुरुंग लावतो आणि किल्ला घेतानाही सुरुंगच लावतात. 1660 मध्ये शाहिस्तेखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा हटेना, तेव्हा मोगलांनी भुयार खणून बुरूज उडवला. जमिनीखालून जायचं, शत्रूच्या पायाखाली दारू भरायची आणि बत्ती द्यायची, ही युक्ती जुनीच. 1914 मध्ये फ्रान्स-बेल्जियममध्ये दोन्ही सैन्यं खंदकांत समोरासमोर रुतून बसली आणि ती युक्ती पुन्हा वर आली.

या नव्या सुरुंगयुद्धाचा पहिला मोठा घाव भारतीयांनी सोसला. 20 डिसेंबर 1914 रोजी याच झिव्हाँशीच्या आसपास लाहोर डिव्हिजनची सरहिंद ब्रिगेड खंदकांत होती. जर्मनांनी गुपचूप भुयारं खणून, प्रत्येकी सुमारे 50 किलोचे 10 सुरुंग त्यांच्या खाली पेरले होते. सकाळी ते उडाले आणि पाठोपाठ जर्मन पायदळ चालून आलं. डिसेंबरचा चिखल, परका मुलूख, आणि पायाखालची जमीनच उठलेली. खाणीत छत कोसळताना मी पाहिलंय. तिथे निदान छत आधी कुरकुरतं, खडे टाकतं, इशारा देतं. त्या सैनिकांना काहीच इशारा मिळाला नसणार.

याला उत्तर द्यायचं तर जमिनीखाली काम करणारी माणसं हवी होती. जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स हे ब्रिटिश कंत्राटदार होते आणि खासदारही. मँचेस्टर शहराच्या गटारांचे बोगदे त्यांची माणसं चिकणमातीतून खणत. फेब्रुवारी 1915 मध्ये युद्धमंत्री किचनर यांच्यापुढे त्यांनी ती पद्धत स्वतः जमिनीवर आडवं होऊन, शेकोटीजवळचं कोळशाचं फावडं पायांनी ढकलून दाखवली. कामगार एका तिरक्या लाकडी फळीवर पाठ टेकतो, तळवे मातीच्या तोंडाकडे करतो आणि दोन्ही पायांनी फावड्यासारखं लांब पातं मातीत दाबतो. दुसरा ती माती पोत्यात भरतो, तिसरा पोती मागे ओढतो. घाव घालायचाच नाही, त्यामुळे आवाज होत नाही. गटारांच्या बोगद्यात काम करणारी माणसं काही दिवसांतच गणवेश चढवून झिव्हाँशीच्या जमिनीखाली उतरली. टनेलिंग कंपन्यांची सुरुवात ही अशी झाली.

पुढे ब्रिटिशांच्या अशा 25 कंपन्या झाल्या. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या वेगळ्या. वेल्स, यॉर्कशायर, डरहॅम आणि स्कॉटलंडच्या खाणींतून माणसं भरती झाली. पायदळातल्या साध्या शिपायाला दिवसाला 1 शिलिंग मिळत असे, पायांनी माती काढणाऱ्या तरबेज गड्याला 6. भरतीत वयाकडे फार काटेकोरपणे पाहिलं गेलं नाही. चाळिशी ओलांडलेले, पाठीला बाक आलेले, पण अंधारात मातीचा स्वभाव हाताने ओळखणारे लोक त्यांना हवे होते.

हे युद्ध कानांनी लढलं जायचं. आम्ही पाळीला उतरलो की काठीने छत ठोकायचो. खणखणीत आवाज आला तर दगड धरून आहे. ढबढब आला तर आत पोकळी आहे, टेकू लावल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. त्यांचं ऐकणं याहून अवघड. माणूस बोगद्याच्या टोकाला निश्चल बसून पलीकडच्या मातीतून येणारी खरखर टिपायचा. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेरँ यांनी जिओफोन नावाचं यंत्र तयार केलं. लाकडाच्या दोन चकत्या, त्यांच्यात पारा, आणि डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारख्या नळ्या कानात. दोन्ही कानांत आवाज सारखा येईपर्यंत चकत्या सरकवायच्या, म्हणजे शत्रू कोणत्या दिशेला खणतोय ते कळतं. खणण्याचा आवाज येत असेल तर एक वेळ ठीक. तो थांबला आणि पोती सरकवल्यासारखी घसट ऐकू येऊ लागली, की समजायचं, दारू भरणं सुरू झालंय. मग धावायचं, किंवा आपला छोटा सुरुंग आधी उडवून त्यांचा बोगदा त्यांच्यावर पाडायचा.

आणि गॅस. सुरुंग उडाला की मागे कार्बन मोनॉक्साइड उरतो. त्याला वास नाही, रंग नाही. खाणकामगारांनी आपला जुना सोबती इथेही आणला: पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी. त्याचा श्वास माणसापेक्षा फार जलद, म्हणून तो आधी कोलमडतो आणि माणसाला पळायला अवधी देतो.

विल्यम हॅकेट हा असाच एक माणूस. जन्म 1873, नॉटिंगहॅमचा. यॉर्कशायरमधल्या मेक्सबरो गावी राहायचा. 20 वर्षांहून जास्त काळ त्याने कोळसा काढला होता. युद्ध सुरू झाल्यावर तो पायदळात भरती व्हायला गेला, पण वय जास्त म्हणून तीनदा परत पाठवला गेला. 1915 मध्ये टनेलिंग कंपनीने मात्र त्याला घेतलं. तो आघाडीवर असताना इकडे त्याचा कोवळ्या वयाचा मुलगा खाणीतल्या अपघातात पाय गमावून बसला. ती बातमी त्याने कशी पेलली असेल, याचा विचार मी त्या दगडासमोर उभा राहून बराच वेळ करत होतो. खाणीतला बाप मुलाला खाणीत पाठवतो तेव्हा काय सोसतो, हे आमच्या वसाहतीत मी घरोघरी पाहिलंय.

22 जून 1916 ची पहाट. झिव्हाँशीतल्या शाफ्ट्सबरी नावाच्या विहिरीतून जर्मन रेषेच्या दिशेने बोगदा चालला होता. आत हॅकेटसह पाच जण होते. पहाटे तीनच्या सुमाराला जर्मनांनी मोठा सुरुंग उडवला. मोडलेली लाकडं आणि माती यांनी बोगदा बुजला, पाचही जण पलीकडे अडकले. बाहेरच्यांनी 20 तास खणून एक भोक पाडलं. हॅकेटने तिघांना त्यातून बाहेर काढलं. आता पाळी त्याची होती आणि तो सहज निघू शकला असता. पण मागे टॉमस कॉलिन्स पडला होता. तो वेल्सचा, 22 वर्षांचा, पायदळातून मदतीला दिलेला, आणि जबर जखमी. त्याला त्या भोकातून नेणं शक्य नव्हतं. हॅकेट म्हणाला की मी बोगदेवाला आहे, आधी दुसऱ्यांना बघणं माझं काम. भोक बारीक होत गेलं. तो हलला नाही. शेवटी सगळा बोगदा बसला. सोबत्यांनी आणखी चार दिवस खणलं, पण दोघांपर्यंत ते पोहोचू शकले नाहीत.

हॅकेटला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या महायुद्धात हे पदक मिळवणारा तो एकमेव बोगदेवाला. पदकाबरोबरच्या सरकारी नोंदीतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सरकत्या मातीचा स्वभाव त्याला पुरता माहीत होता, आणि तरीही तो थांबला, असं त्या नोंदीत म्हटलंय. नवखा माणूस धोका न कळल्यामुळेही थांबू शकतो. हॅकेट 43 वर्षांचा होता आणि मातीचं प्रत्येक लक्षण त्याला वाचता येत होतं.

1991 साली आमच्या खाणीत, छत पेलणारे कोळशाचे पिलर काढण्याचं काम चालू असताना, टिंबरमिस्त्रीच्या पायावर छताचा दगड आला. मी पाळीचा सरदार. छत अजून बोलत होतं, बारीक खडे टपटपत होते. मिस्त्रीने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "सरदार, जाऊ नका जी." मी बसलो. साडेतीन तास लागले. पाय गेला, माणूस वाचला. पुढे लोकांनी माझं कौतुक केलं, पण खरं सांगायचं तर माझी परतीची वाट पूर्ण मोकळी होती आणि मागून सहा जण एकामागून एक टेकू लावत येत होते. हॅकेटची वाट त्याच्या डोळ्यांदेखत मिटत होती. त्या साडेतीन तासांत माझ्या मनात किती वेळा उठून जायचं आलं होतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून त्या दगडाला मी हात जोडले तेव्हा ते नुसत्या रीतीचे नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. झिव्हाँशीपासून गाडीने पाऊण तासाच्या आत कूरियेरचा खाणपट्टा आहे. 10 मार्च 1906 रोजी तिथे कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन 1,099 माणसं गेली. युरोपातली ती सर्वांत मोठी खाण दुर्घटना. तेव्हा जर्मनीतल्या वेस्टफालियाहून खाणकामगारांची बचाव तुकडी श्वसनयंत्रं घेऊन धावून आली होती. फ्रान्स आणि जर्मनीचं वैर तेव्हाही होतंच, पण खाली माणसं अडकलीत म्हटल्यावर त्यांनी सीमा पाहिली नाही. दहाच वर्षांनी त्याच पट्ट्यात खाणकामगार एकमेकांच्या खाली दारू भरत होते. ज्या हातांना अडकलेल्याला बाहेर काढायची शिकवण, त्यांनाच समोरच्याला गाडायला लावलं. युद्धाने या धंद्यावर केलेला सगळ्यांत मोठा अन्याय मला हाच वाटतो. आणि हॅकेटचं मोठेपणही इथेच आहे. गाडण्याच्या कामावर पाठवलेला हा माणूस शेवटच्या तासाला खाणीच्या मूळ नियमाकडे परत आला: अडकलेल्याला एकटं सोडायचं नाही. 1989 मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी भरलं, तेव्हा जसवंतसिंग गिल पोलादी कॅप्सूलमधून स्वतः खाली उतरले आणि 65 जणांना वर काढलं. नियम तोच.

झिव्हाँशीहून आम्ही जवळच्याच नव-शापेलला गेलो. तिथे पहिल्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या 4,700 हून अधिक भारतीयांच्या नावांचं स्मारक आहे. मध्ये कमळाचा उंच स्तंभ, बाजूला दगडी वाघ. आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या 28 ऑक्टोबर 1914 ला याच गावात घुसल्या होत्या आणि जवळजवळ संपल्या होत्या. त्यांच्या नावातही "मायनर" आहे. बायकोने घरून आणलेली हळद-कुंकवाची पुडी त्या भिंतीपाशी ठेवली. ती काही बोलली नाही, मीही नाही.

आमच्या खाणीत बत्तीघर असायचं. पाळीवर उतरताना प्रत्येकजण आपल्या नंबरची बत्ती घेऊन जायचा आणि वर आल्यावर त्याच खणात परत ठेवायचा. पाळी सुटल्यावर एखादा खण रिकामा दिसला तर बत्तीवाला घरी जात नसे. रिकामा खण म्हणजे कुणीतरी अजून खाली आहे.

हॅकेटचं नाव बेल्जियममधल्या प्लुगस्टिअर्टच्या स्मारकावर कोरलं गेलं, कॉलिन्सचं फ्रान्समधल्या तिएपवालच्या. मरताना एकमेकांजवळ असलेली माणसं दगडांवर दोन देशांत विभागली गेली. ती दोघं मात्र झिव्हाँशीच्या त्या शेताखालीच आहेत, अजूनही. 19 जून 2010 रोजी तिथे स्मारक उभं राहिलं आणि 94 वर्षांनी दोन्ही नावं त्यांच्या खऱ्या जागी एकत्र आली. तो दगड मला बत्तीघरातल्या रिकाम्या खणासारखा दिसला.

निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, चला, उशीर होतोय." मी गाडीत बसलो आणि सवयीने डोकी मोजली. मुलगी, जावई, बायको, मी. चार. मग मान वळवून त्या शेताकडे एकदा पाहिलं, आणि मोजणी पुरी झाली असं काही मला म्हणवेना.