एल-वन होण्याच्या नादात सुरक्षेचा खर्च जातो कुठे?



सरकारी टेंडर कसं भरायचं हे आपण व्हिडिओत पाहिलं. त्यात वेळेअभावी राहिलेला मुद्दा इथे घेऊया: साइटवरच्या कामगारांची सुरक्षा. हा विषय मोठ्या कंपन्यांचा वाटतो, पण फटका छोट्या ठेकेदारालाच जास्त बसतो.

आधी साधं गणित

समजा, शाळेच्या इमारतीचं ५० लाखांचं काम आहे. दोन ठेकेदारांचा मालाचा खर्च, मजुरी आणि नफा अगदी सारखा. पहिल्याने पक्की परांची, कठडे, जाळी, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट यासाठी १ लाख धरले. दुसऱ्याने काहीच धरलं नाही. काम कोणाला मिळणार? दुसऱ्याला.

इथे दोष फक्त ठेकेदाराचा नाही. अंदाजपत्रकात सिमेंटला, सळईला, खोदाईला रेट असतो. सुरक्षेला बहुतेक वेळा स्वतंत्र ओळच नसते. ती अटींमध्ये असते: 'ठेकेदाराने स्वखर्चाने व्यवस्था करावी.' मग १५-२० टक्के बिलो भरलेल्या कामात पहिली कात्री कशाला लागते, हे तुम्हाला सांगायला नको.

'सेस भरला, म्हणजे झालं' हा गैरसमज

१९९६ च्या कायद्यापासून बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर घेतला जातो. सरकारी कामात तो बिलातूनच कापतात. पण तो पैसा कामगार कल्याण मंडळाकडे जातो. त्यातून योजना चालतात, तुमच्या साइटवरची परांची पक्की होत नाही.

दुसरीकडे काय केलं?

हाँगकाँगने १९९६ मध्येच सरकारी कामांसाठी 'पे फॉर सेफ्टी' योजना आणली. कंत्राट रकमेच्या साधारण २ टक्के सुरक्षेच्या बाबी स्पर्धेतून बाहेर काढल्या. त्यावर कोणी कमी रेट भरूच शकत नाही. काम केलं, तपासणीत दिसलं, की पैसे मिळतात. नाही केलं, तर नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या २०१४ च्या बांधकाम नियमांत जबाबदारी थेट काम देणाऱ्यावर आहे. टेंडर भरणाऱ्याने सुरक्षेचा पुरेसा खर्च धरलाय का, हे त्यानेच तपासायचं.

आपल्याकडे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरावीक कामांत किमतीशिवाय गुणवत्तेलाही जास्तीत जास्त ३० टक्के वजन द्यायला परवानगी दिली. दार उघडलंय, पण छोट्या कामांत अजून एल-वनचंच राज्य आहे.

तोवर आपण काय करायचं?

१. रेट काढताना सुरक्षेचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा. 'किरकोळ'मध्ये ढकलू नका.

२. प्री-बिड मीटिंगला लेखी विचारा: 'सुरक्षेसाठी स्वतंत्र बाब देता येईल का?' एकट्याने विचारलं तर दुर्लक्ष होईल, संघटनेकडून पत्र गेलं तर दखल घ्यावी लागते.

३. परांची, कठडे, बेल्ट एकदाच चांगले घ्या. तीन-चार कामांवर खर्च विभागला की तो जड वाटत नाही.

४. सबकॉन्ट्रॅक्टर आणि मुकादमाच्या करारातही हीच अट आणि तिचे पैसे, दोन्ही लिहा. नुसती अट लिहून पैसे न देणं म्हणजे सरकारने आपल्याशी केलं तेच आपण त्याच्याशी करणं.

आता १ लाख वाचवणाऱ्याचं गणित पुन्हा पाहा. कामगाराचा मृत्यू झाला तर भरपाईचं जुनं सूत्र आहे: निम्मी मासिक मजुरी गुणिले वयानुसार गुणांक. २५ वर्षांचा कामगार, मजुरी १५,००० धरली, तर ७,५०० गुणिले २१६.९१, म्हणजे सुमारे १६ लाख २७ हजार. विमा नसेल तर छोट्या ठेकेदाराचा धंदाच बसतो. आणि त्या पोराच्या घरच्यांचं जे गेलं, ते कुठल्याच दरसूचीत बसत नाही.

तुमच्या जिल्ह्यातल्या टेंडरमध्ये सुरक्षेची वेगळी बाब दिसली का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.