बुलेटचा कॅम निवडताना

संपादकांनी विषय दिला, जुन्या बुलेटची इंजिनं ‘तयार’ करणाऱ्या मिस्त्रींचा. म्हणून कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर गाठलं. 1955 मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली, तिचं बिडाचं इंजिन 346 सीसीचं, हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. माझा पाय अडकला तो टायमिंग कव्हरपाशी.

कव्हर निघालं की दोन कॅम दिसतात, इनलेट आणि एक्झॉस्टचा वेगळा, प्रत्येकाला स्वतःचा दातेरी गिअर. क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. व्हॉल्व्ह किती उचलायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे सगळं कॅमवरच्या उंचवट्याच्या आकारात कोरलेलं असतं. तिथल्या एका मिस्त्रींनी क्रँकवर डिग्री प्लेट बसवली, टॅपेटवर डायल टेकवला आणि पान्यानं क्रँक इतक्या सावकाश फिरवला की काटा सरकलेला कळेना. छापील आकड्यावर त्यांचा विश्वास नाही, आणि मला तो बाणा फार आवडला.

गिऱ्हाईक येतं ते ‘मोठा कॅम’ मागत. मिस्त्री उलट विचारतात, “गाडी कुठं फिरवणार, घाटात का हायवेला?” प्रश्न मुद्द्याचा आहे. जास्त वेळ उघडा राहणारा इनलेट व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. वरच्या आरपीएमला हवेचा वेगच सिलिंडर भरून काढतो. पण कमी आरपीएमला वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे ढकलतो. बुलेटचा बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90, आणि कॉम्प्रेशन मुळातच कमी. तिचा जीव खालच्या जोरात. रेसचा कॅम घातला की तोच जोर जातो, आयडलिंग अडखळतं आणि आंबा घाटात डबलसीट चढताना सारखा गिअर पाडावा लागतो.

कॅम एकटा येत नाही, ही खरी अडचण. उचल वाढली की स्प्रिंग बदला, नाहीतर वरच्या वेगाला व्हॉल्व्ह तरंगतो. स्प्रिंग कडक केली की कॅम आणि टॅपेटची झीज वाढते. व्हॉल्व्ह पिस्टनला भिडला तर पुशरॉड वाकतो, व्हॉल्व्ह वाकतो, पिस्टनही जातो. म्हणून मिस्त्री पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती थापतात, हेड कसतात, क्रँकचे दोन पूर्ण फेरे देतात, हेड पुन्हा उतरवून ती माती ब्लेडनं कापतात आणि उरलेली जाडी व्हर्नियरनं मोजतात. अर्धा दिवस यातच जातो. हे काम टाळून नुसता गिअरवरच्या ठिपक्याला ठिपका जुळवणारे पुष्कळ आहेत, याची मला काळजी वाटते.

रोजच्या वापराला, टूरला गाडी असेल तर मूळ कॅम किंवा त्याहून जरासाच तेज कॅम पुरे. त्याआधी कार्बोरेटर आणि व्हॉल्व्हची बैठक नीट करून घ्या. तरीही कॅम घ्यायचाच असेल तर त्याचं कार्ड मागा: उचल किती, कोणत्या अंशाला उघडतो, कोणत्या अंशाला मिटतो. कार्ड नसेल तर तो कॅम घेऊ नका.