घराण्यात मधुमेह असला म्हणजे तो होणारच का?

मर रोगाला बळी पडणारा हरभऱ्याचा वाण स्वच्छ रानात पेरला तर चांगला येतो. तोच वाण मरीची बुरशी मुरलेल्या जमिनीत पेरला तर उभी झाडे वाळतात. त्याच जमिनीत ‘विजय’ किंवा ‘दिग्विजय’ पेरला तर तो तग धरतो. मग रोग वाणात आहे की जमिनीत? दोन्हींची गाठ पडल्याशिवाय नुकसान होत नाही, हे आपण अनुभवाने जाणता. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाचेही बरेचसे असेच आहे.

गावात या रोगाबद्दल दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. “वडिलांना होता, मला चुकणार नाही,” असे म्हणून एक जण तपासणीच टाळतो. “आमच्या घराण्यात कोणाला नाही,” असे म्हणून दुसराही टाळतो. दोघांचाही हिशेब चुकतो.

आपल्या पोटातील स्वादुपिंड इन्शुलिन तयार करते. त्याच्या मदतीने रक्तातील साखर पेशींत शिरते. पोटात आणि यकृतात चरबी साठली की इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो व स्वादुपिंडाला जास्त काम करावे लागते. काहींचे स्वादुपिंड हा भार वर्षानुवर्षे पेलते, काहींचे लवकर थकते. आनुवंशिकतेचा मोठा भाग या थकण्यात आहे. सन २००६ मध्ये आइसलँडमधील संशोधकांनी ‘टीसीएफ७एल२’ या जनुकातील एक बदल दाखवून दिला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या रुग्णांतही त्याचा मधुमेहाशी संबंध आढळला. मात्र या बदलाची एक प्रत अंगी असल्यास धोका साधारण दीडपटीच्या आतच वाढतो. असे शेकडो बदल आता माहीत झाले असून बहुतेकांचा वाटा याहूनही लहान आहे. मधुमेहाचे एकच एक ‘बी’ नाही.

जमिनीचा, म्हणजे राहणीचा, वाटा किती मोठा असतो याचा दाखला पिमा या जमातीत मिळतो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील हे लोक मूळचे बागायतदार. हीला नावाच्या नदीवर पाट काढून ते मका, घेवडा पिकवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने आलेल्या वसाहतवाल्यांनी वरच्या अंगाला नदीचे पाणी वळविले आणि खालची शेती उजाड झाली. (पाण्याचे असे भांडण आपल्याकडील टेलच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.) पुढे या लोकांच्या वाट्याला शिध्याचा मैदा, चरबी व साखर आली, आणि शेतावरचे कष्ट सुटले. त्यांचेच भाऊबंद शेजारच्या मेक्सिकोत डोंगराळ भागात हाताने शेती करीत राहिले. सन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ॲरिझोनातील पिमांत शंभर प्रौढांमागे सुमारे ३८ जणांना मधुमेह आढळला, तर मेक्सिकोतील पिमांत सुमारे ७ जणांना. वाण जवळजवळ एकच, रान वेगळे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर माता व बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो भरले. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, पण त्या मानाने चरबी कमी नव्हती. दाणा भरताना पिकाला ताण बसावा तसा हा प्रकार असून त्याचा संबंध आईच्या पोषणाशी आहे. म्हणूनच हातपाय काटक पण पोट सुटलेले, असा आपला माणूस वजनकाट्यावर हलका भरला तरी निर्धास्त राहू शकत नाही. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंमी. व स्त्रीचा ८० सेंमी.पेक्षा जास्त असू नये.

शेतकऱ्याला व्यायाम कशाला, असे विचारले जाते. पूर्वी ते खरे होते. आता नांगरट ट्रॅक्टरने, रानात जाणे मोटारसायकलवर आणि पंप चालू करणे मोबाईलवरून होते. भाकरीची जागा भात-चपातीने घेतली आणि गोड चहा दिवसातून पाच-सहा वेळा होऊ लागला. साखरेऐवजी गूळ घातल्याने यात फरक पडत नाही. सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागात शंभर प्रौढांमागे सुमारे ९ जणांना मधुमेह आढळला.

राहणी बदलून उपयोग होतो काय? साखर सीमारेषेवर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या व २००२ मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात वजन घटविणे व आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे यामुळे मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांच्या अंगी वर सांगितलेल्या जनुक-बदलाच्या दोन्ही प्रती होत्या, त्यांनाही लाभ झाला. चेन्नईच्या प्रयोगात (२००६) ही घट सुमारे २८ टक्के होती. आकडा लहान असला तरी तो आपल्या लोकांचा आहे, म्हणून मोलाचा.

घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर तिशीनंतर दरवर्षी उपाशीपोटी रक्त तपासावे. साखर १०० मि.ग्रॅ.च्या आत असल्यास ठीक, १०० ते १२५ असल्यास ती सीमारेषा समजावी, आणि १२६ किंवा अधिक आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणात साखर वाढलेल्या भगिनींनी बाळंतपणानंतरही ही तपासणी चालू ठेवावी. औषध चालू असलेल्यांनी चालणे सुरू केले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत.