पेट्रोलच्या लिटरात आपला रस्ता

मागच्या बैठकीत एकीने आम्हाला विचारलं, "माझ्या दारात सायकलसुद्धा नाही, मी कुठला रस्त्याचा कर भरते?"

भरतो, सगळ्याच भरतो. मेथीची जुडी बाजारात टेम्पोतून येते, त्याच्या डिझेलवरचा कर जुडीच्या भावात बसलेला असतो. एसटीच्या तिकिटातसुद्धा साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे.

कल्पना जुनी आहे. १९२७ साली नेमलेल्या बॅरिस्टर जयकरांच्या समितीने सुचवलं, की पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो रस्त्यांनाच लावावा. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे सुरू झाले. २००० च्या कायद्याने डिझेलवरच्या उपकराचा, म्हणजे ठरावीक कामासाठी घेतलेल्या कराचा, अर्धा वाटा खेड्यांतल्या रस्त्यांना दिला. ग्रामसडक योजनेला पैसा आला तो त्यातून. २०१८ मध्ये कायदा बदलला. आता त्याच पैशात रस्त्यांखेरीज इतर कामंही बसतात आणि कुणाला किती द्यायचं ते दिल्लीतली समिती ठरवते.

हा कर न्यायाचा आहे का? बराचसा आहे. जो जास्त फिरतो तो जास्त भरतो. गाडी घेताना एकरकमी भरायचा वाहनकर तसा नाही, तो किमतीवर असतो. शेडमध्ये झाकून ठेवलेली गाडी आणि रोज शंभर किलोमीटर पळणारी गाडी, किंमत एक तर कर एकच.

पण विजेवरची महागडी मोटार पेट्रोल घेतच नाही, म्हणून हा उपकरही देत नाही. डेअरीवर दूध घालायला मोपेडवरून जाणारी आपली बाई मात्र देते. धूर नाही हे खरं, पण रस्ता तीही मोटार वापरतेच ना! शिवाय रस्ता खचतो तो ओझ्याने. आसावरचा भार दुप्पट झाला, की झीज साधारण सोळापट होते. म्हणून कर गाडीचं वजन आणि ती धावलेलं अंतर पाहून घ्यावा, असं आम्हाला वाटतं. आणि एका फेरीत पन्नास जणांना नेणाऱ्या एसटीचा प्रवासी कर आधी कमी करावा.

तोवर एक करा. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते. रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो, त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख बघा. पाच वर्षं झाली नसतील आणि खड्डे पडले असतील, तर येत्या ग्रामसभेत तसा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.