ड्रोनला छत नसते!

तुमच्या डोक्यावरचा पंखा पाहा. तो हवा खाली ढकलतो आणि फिरताना आपल्या दांड्याला उलट दिशेने पीळही देतो. दांडा छताला पक्का असतो, म्हणून निभावते. तुम्ही घरी बनवणार असलेल्या ड्रोनला छत कुठले?

म्हणूनच त्याला चार पंखे असतात. एका कर्णावरचे दोन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, दुसऱ्यावरचे दोन उलट. पिळाला पीळ खोडतो. मात्र उलट फिरणाऱ्या पंख्यांच्या पात्यांचा कलही उलटा हवा. माझ्या पहिल्या ड्रोनला मी एक पंखा चुकीचा बसवला आणि तो कोलांटी खाऊन अंगणातल्या कुंडीवर आदळला. (नशीब, कॅमेरा बसवायचा होता!)

आता वजन. बॅटरी व कॅमेऱ्यासह ड्रोन १ किलो भरला, तर नुसते तरंगायलाच प्रत्येक पंख्याने २५० ग्रॅम पेलले पाहिजेत. पण मोटार व पंख्याची जोडी निवडा ५०० ग्रॅम पेलणारी. वर चढायला, वाऱ्याशी झुंजायला शिलकी बळ लागतेच.

चित्र थरथरते? एक पाते किंचित जड असेल आणि पंखा मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर कॅमेऱ्याला सेकंदाला १०० हिसके बसतात. पंखा सुईवर तोला व हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लावा.

उडवण्यापूर्वी ‘ड्रोन नियम, २०२१’ शिक्षकांसह वाचा. आणि टेबलावर मोटारी तपासताना पंखे काढून ठेवा. बोट कापायला त्यांना क्षणही लागत नाही.