मैदान आमचे, निवड कोणाची?

आदिवासी मुले काटक असतात, ती जन्मजात खेळाडू असतात, असे भाषणातून सांगणाऱ्यांची महाराष्ट्रात कधीच कमतरता नव्हती. एखादी मुलगी पदक घेऊन परतली की तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेणाऱ्यांची तर रांग लागते. पण त्याच पाड्यावर तिच्याबरोबर धावणाऱ्या इतर मुलींचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या रांगेतला एकही माणूस विचारत नाही.

'जन्मजात' या शब्दाची आम्हाला जुनी ओळख आहे. जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याची ही भाषा. काल ती आम्हाला नालायक ठरवण्यासाठी वापरली गेली, आज ती आदिवासींच्या कौतुकासाठी वापरली जाते. दोन्ही वेळा परिणाम मात्र एकच होतो. गुण जन्मानेच आले म्हटले की शिकवण्याची, पोटभर खाऊ घालण्याची आणि निवड करण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. म्हणून आम्ही आज खेळाविषयी बोलत असलो तरी प्रश्न शिक्षणाचा आणि संधीचाच आहे.

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याचे उदाहरण घेऊ. गुजरातच्या सीमेला लागून असलेला, नाशिक शहरापासून नव्वदेक किलोमीटरवरचा हा डोंगराळ तालुका. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट, ही इथली ठरलेली तऱ्हा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात या तालुक्याची माणसे मोठ्या संख्येने होती. २०२२ च्या अखेरीस इथल्या काही सीमावर्ती गावांनी, सोयी देता येत नसतील तर आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या, अशी मागणी केली. रस्ता, पाणी, दवाखाना यांसाठी राज्य बदलण्याची भाषा करावी लागते, तिथे खेळाच्या मैदानाची काय कथा?

तरीही सुरगाण्यात खेळ आहे. गावागावात तरुण मंडळे आहेत. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, टेनिस चेंडूचे क्रिकेट, सगळे काही चालते. पण या खेळाचे वेळापत्रक आणि सरकारी वेळापत्रक यांची गाठ पडत नाही. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत होतात. पावसाळ्यात इथले मैदान चिखलाचे असते. दिवाळीनंतर अनेक घरे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात आणि हाताशी आलेली पोरेही आईबापाबरोबर जातात. माणसे गावी परततात ती होळीला. होळीपासून मेअखेरपर्यंतचा काळ हाच इथल्या मंडळांच्या स्पर्धांचा खरा हंगाम. त्यानंतर लगेच कॉलेज प्रवेश सुरू होतात. म्हणजे खेळाडू निवडण्यासाठी यापेक्षा सोयीचा काळ नाही. पण या हंगामात या मैदानांकडे फिरकणारे क्रीडा संचालक किती? पोरे खेळतात, चषक घेतात, गुलाल उधळतात आणि पुन्हा मजुरीला लागतात.

याउलट चित्र पाहायचे तर झारखंड-ओडिशाकडे पाहावे. सिमडेगा, खुंटी, सुंदरगढ हे आदिवासी जिल्हे हॉकीचे आगर मानले जातात. तिथेही सुरुवात सुरगाण्यासारखीच. बांबूच्या काठ्या, हाताने केलेला चेंडू, कापणी झालेले शेत आणि गावोगावच्या स्पर्धा. जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड, आणि संध्याकाळी त्याचेच जेवण. आपल्याकडच्या मंडळांच्या स्पर्धांपेक्षा यात निराळे ते काय? निराळे हे की तिथे गावच्या मैदानापासून पुढे जाणारी वाट तयार झाली. मिशनच्या शाळांनी हॉकी रुजवली. पुढे राऊरकेलाजवळच्या पानपोशसारखी क्रीडा वसतिगृहे निघाली, पोलाद कारखान्याची अकादमी झाली, रेल्वे आणि पोलीस दलात नोकऱ्या मिळू लागल्या. बोकडासाठी खेळणाऱ्या मुलाला बघायला कोणी तरी येऊ लागले आणि निवड झाल्यावर त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय होऊ लागली.

त्याच वाटेने मायकल किंडो १९७५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात गेले, सिल्वानुस डुंगडुंग १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकच्या सुवर्णपदकापर्यंत गेले. सुंदरगढचे दिलीप तिर्की तीन ऑलिंपिक खेळले, भारताचे कर्णधार झाले आणि २०२२ मध्ये हॉकी इंडियाचे अध्यक्ष झाले. खुंटीची निक्की प्रधान २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. सिमडेग्याच्या सलीमा टेटेकडे २०२४ मध्ये भारतीय महिला संघाचे कर्णधारपद आले. पिढ्यान्‌पिढ्या एवढे खेळाडू निघतात ते चमत्काराने नव्हे. तिथे ज्याची व्यवस्था उभी राहिली, ती आपल्याकडे नाही.

या सगळ्यांच्या आधीचे नाव जयपालसिंग मुंडा यांचे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक जिंकले तेव्हा कर्णधार हा मुंडा समाजाचा तरुण होता. रांचीच्या मिशन शाळेच्या मुख्याध्यापकाने त्याच्यातील गुण ओळखले, त्याला इंग्लंडला नेले आणि तो ऑक्सफर्डला शिकला, तिथल्या विद्यापीठाच्या संघातून हॉकी खेळला. पुढे संविधान सभेत, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिथेच, जयपालसिंग आदिवासींच्या बाजूने उभे राहिले आणि आपण जंगली असल्याचे अभिमानाने सांगितले. मैदानातून कॉलेजात आणि कॉलेजातून संविधान सभेत, अशी ही वाट. पण जयपालसिंगांना एक मुख्याध्यापक भेटला, हा योगायोग होता. ज्यांना असा मुख्याध्यापक भेटला नाही त्या हजारो मुलांचे काय? कोणाच्या तरी कृपेने मिळते ती संधी नव्हे. संविधानाच्या कलम ४६ ने अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, कोणा भल्या माणसाच्या नजरेवर नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत ब्राँझपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. नाशिकमध्ये विजेंदरसिंग यांच्यासारखे प्रशिक्षक भेटले म्हणून ती पाड्यावरून पुढे गेली. त्याच कविताला २०२४ मध्ये, राज्य शासनाच्या थेट नियुक्तीत आपल्याला आदिवासी म्हणून डावलले जात असल्याची खंत जाहीरपणे बोलून दाखवावी लागली. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. सैन्यात भरती झाल्यावर त्याच्या हाती वल्हे आले आणि २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकच्या नौकानयनात उतरला. त्याला कोणत्याही कॉलेजने शोधले नाही, सैन्याने शोधले. खुद्द सुरगाणा तालुक्यातील अलंगुणच्या मुली खो-खोत चमकल्या. जिल्ह्याच्या संघटनेने नाशिक शहरात त्यांच्या राहण्याची आणि सरावाची सोय केली, तेव्हा त्यांना पुढचा रस्ता दिसला. चंद्रपूरच्या आश्रमशाळांतील मुलांना गिर्यारोहणाचे प्रशिक्षण मिळाले आणि मे २०१८ मध्ये त्यांतील पाच जण एव्हरेस्टवर पोहोचले. निवड झाली, अंथरूण मिळाले, जेवण मिळाले आणि शिकवणारा मिळाला की आमची मुले कुठवर जातात, हे सिद्ध करण्यासाठी आणखी कोणता पुरावा हवा?

मग कॉलेजे काय करतात? खेळाडू म्हणून प्रवेश, वाढीव गुण आणि २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत असलेले पाच टक्के आरक्षण, हे सारे प्रमाणपत्रावर चालते. प्रमाणपत्र अधिकृत स्पर्धेचे लागते आणि अधिकृत स्पर्धेपर्यंत पोहोचायला क्लब लागतो, बूट लागतात, गाडीभाडे लागते. शहरातील अकादमीत पैसे भरून शिकलेल्या मुलाकडे कागद तयार असतो. सुरगाण्याच्या मुलाकडे खेळ असतो, कागद नसतो. दुसरीकडे बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे याच राज्यात उघडकीला आली. म्हणजे खेळ नसलेल्यांना कागद मिळतो आणि कागद नसलेल्यांचा खेळ वाया जातो.

अमेरिकेत मुलींच्या हॉकीत वेगळी रीत आहे. कॉलेजांचे प्रशिक्षक स्वतः तरुण क्लबांच्या स्पर्धांना जातात, मैदानाच्या कडेला बसून टिपणे घेतात आणि पसंत पडलेल्या मुलीला शिष्यवृत्तीसह प्रवेश देऊ करतात. १९७२ च्या एका कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणे बंधनकारक केले, त्यामुळे या रीतीला बळ मिळाले. कॉलेजने मैदानापर्यंत चालत जावे, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. पण तिथेही क्लबची फी आणि प्रवासखर्च न परवडणाऱ्या गरीब आणि काळ्या मुली बाहेरच राहतात. पैशाने चालणाऱ्या क्लबांच्या मैदानावर जाऊन निवड केली तर निवडही पैसेवाल्यांचीच होणार. म्हणून कॉलेजने जायचे ते पाड्यावरच्या मैदानावर.

आणि प्रवेश दिला म्हणजे काम संपले असे नाही. २०१८ मध्ये वसतिगृहातील खानावळ बंद करून पैसे थेट खात्यात देण्याच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. दोन वेळच्या जेवणासाठी ज्यांना चालावे लागते त्यांनी पहाटे उठून सराव कोणत्या बळावर करायचा? खेळाडूला वसतिगृहात हक्काची जागा आणि खेळाडूला पुरेल असा आहार मिळाला पाहिजे. हॉकी शिकवायची म्हटली की कोट्यवधींच्या कृत्रिम मैदानाचे कारण पुढे केले जाते. मॉन्ट्रियलला १९७६ मध्ये ऑलिंपिक हॉकी कृत्रिम मैदानावर गेली आणि गरिबांच्या हातून हा खेळ निसटू लागला, हे खरे. पण सिमडेग्याची मुले आधी मातीवर शिकली आणि मग कृत्रिम मैदानावर गेली. सुरगाण्यातही सुरुवात मातीवर होऊ शकते. त्यासाठी काठ्या आणि शिकवणारा, एवढे तरी द्या.

यश मिळवल्यावरही जात पाठ सोडत नाही, हेही आम्ही विसरत नाही. ३१ जुलै २०२१ रोजी टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करणारी वंदना कटारिया ही ऑलिंपिक हॉकीत हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला ठरली. चारच दिवसांनी भारत उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घरासमोर फटाके फोडून जातीवाचक शिवीगाळ करण्यात आली. संघात दलित मुली घेतल्या म्हणून हरलो, असे म्हणणारे लोक या देशात आहेत. म्हणूनच आमची मुले एकटीदुकटी नव्हे तर संख्येने मैदानावर दिसली पाहिजेत.

शासनाकडे मागणी करायची तशी आपल्या चळवळीलाही काही सांगितले पाहिजे. १४ एप्रिल हा नेमका होळी ते मे या हंगामाच्या मध्यावर येतो. जयंतीनिमित्त ठिकठिकाणची मंडळे कबड्डीच्या, क्रिकेटच्या स्पर्धा भरवतात. वर्गणी जमते, मंडप उभा राहतो, ध्वनिक्षेपक दणाणतो, पुढाऱ्याच्या हस्ते चषक दिला जातो. याच स्पर्धेला शेजारच्या तालुक्यातील आदिवासी मंडळांना बोलावले, दोन कॉलेजांचे क्रीडा संचालक पाहुणे म्हणून आणून बसवले, चांगल्या खेळाडूंची नावे-पत्ते लिहून घेतले आणि जूनमध्ये त्यांचे प्रवेश अर्ज भरून दिले, तर किती खर्च येईल? ध्वनिक्षेपकाच्या भाड्यापेक्षा कमीच येईल. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ आणि १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केले ते शिक्षण नाकारलेल्यांपर्यंत शिक्षण पोहोचावे म्हणून. त्यांचा वारसा सांगणाऱ्या शिक्षणसंस्था आज गावोगावी आहेत. त्यांनी दरवर्षी काही जागा आणि काही खाटा पाड्यावरच्या खेळाडूंसाठी राखून ठेवाव्यात आणि तसे जाहीर करावे. आदिवासी संघटनांना विचारून, त्यांना बरोबर घेऊन हे काम व्हावे.

येत्या जयंतीला किती चषक वाटले याचा हिशेब मंडळे देतीलच. त्याबरोबर किती मुलामुलींना कॉलेजात पोहोचवले, हाही आकडा फलकावर लिहावा, एवढीच आमची विनंती आहे. जयभीम.